गोल्डफिशच्या टाकीवर कॅनिस्टर फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

120 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच टाकीचे माप कागदावर 243 लिटर भरते. पण वर सोडलेली मोकळी जागा, तळाची वाळू आणि काचेची जाडी वजा केली की हाती 210 लिटरच्या आसपास पाणी उरते. या टाकीवर गेले अनेक महिने एक कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर, अहोरात्र चालू आहे. त्याच्या खोक्यावर 'ताशी 1,400 लिटर' आणि '400 लिटरपर्यंतच्या टाकीसाठी' असे दोन आकडे ठळक छापलेले आहेत. गोल्डफिश पाळणाऱ्याने या दोन्ही आकड्यांवर विसंबून खरेदी करू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि तरीही फिल्टर चांगला आहे असेच मी म्हणेन.

पहिला आकडा मोटारीचा आहे. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा नसताना, पाणी उंच चढवावे लागत नसताना ती तेवढे पाणी ढकलू शकते, इतकाच त्याचा अर्थ. सगळे थर भरून फिल्टर टाकीखालच्या कपाटात ठेवल्यावर मी बाहेर पडणारी नळी 10 लिटरच्या बादलीत सोडली, तेव्हा बादली भरायला 45 सेकंद लागले, म्हणजे ताशी 800 लिटर. स्पंज घाणीने भरत गेला तसा हाच वेळ एक मिनिटावर गेला आणि प्रवाह 600 लिटरवर उतरला. पाणी आत खेचणाऱ्या नळीच्या तोंडावर जाड छिद्रांचा स्पंज बसवल्यापासून ही घसरण बरीच मंदावली आहे. हा स्पंज दर आठवड्याला पिळावा लागतो खरा, पण त्यामुळे मुख्य डबा वारंवार उघडावा लागत नाही. बादली आणि सेकंदकाटा एवढ्यावर होणारी ही मोजणी प्रत्येकाने महिन्यातून एकदा करावी. डबा कधी उघडायचा हे ती नेमके सांगते.

प्रवाह इतका कमी होऊनही अमोनिया आणि नायट्राइट या माशांना विषारी असलेल्या दोन्हींची चाचणी, फिल्टर एकदा मुरल्यावर, सातत्याने शून्य आली आहे. त्याचे श्रेय सिरॅमिक रिंगांवर आणि स्पंजावर वाढलेल्या जिवाणूंना आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या या जिवाणूंना पृष्ठभाग आणि प्राणवायू भरपूर लागतो, आणि त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जावे लागतात. म्हणूनच स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धरल्यास ही सगळी कमाई धुऊन जाऊ शकते.

दुसरा आकडा टाकीच्या लिटरांचा आहे, पण खरा प्रश्न माशांच्या संख्येचा आहे. गोल्डफिशला जठर नसते. तो दिवसभर चरत राहतो, भरपूर विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. मी सुरुवातीला ओरांडा, र्युकिन आणि फँटेल या गोलमटोल फॅन्सी जातींचे मिळून सहा लहान मासे ठेवले होते आणि वाढल्यावर त्यांपैकी दोन मोठ्या टाकीकडे जातील हे आधीच ठरलेले होते. पाच सेंटिमीटरचा मासा दहा सेंटिमीटरचा झाला की तो दुप्पट नव्हे, साधारण आठपट वजनाचा होतो, हे लक्षात घेतले तर 'अमुक सेंटिमीटरला तमुक लिटर' हा सरसकट सांगितला जाणारा हिशेब किती फसवा आहे ते कळते. पहिल्या माशाला 75 लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला 40 लिटर हा फॅन्सी जातींसाठीचा ढोबळ नियम मला अधिक प्रामाणिक वाटतो: चार माशांना 195 लिटर होतात, सहांना 275.

हा फरक चाचणीच्या नळीत दिसला. सहा मासे वाढीला लागल्यावर दर आठवड्याला निम्मे पाणी बदलूनही, बदलण्यापूर्वी नायट्रेटचा रंग 40 च्या (लिटरमागे मिलिग्रॅम) तांबड्या पट्टीला जाऊन टेकत असे. चार मासे उरल्यावर, त्याच फिल्टरवर आणि त्याच वेळापत्रकावर, तो 20 आणि 40 च्या मधे, पण 20 कडे झुकलेला राहू लागला. यामागचे गणित सरळ आहे. आठवड्यात 20 ची भर पडत असेल, निम्मे पाणी बदलले जात असेल आणि नळाच्या पाण्यात नायट्रेट नसेल, तर पातळी बदलण्यापूर्वी 40 वर आणि बदलल्यानंतर 20 वर स्थिरावते. फिल्टर दुप्पट मोठा घेतला तरी यातला एकही आकडा हलत नाही, कारण फिल्टरचे काम नायट्रेटपाशी संपते. डब्यात अडकलेली घाणसुद्धा आपल्या नजरेआड झालेली असते, पाण्याबाहेर गेलेली नसते. डबा उघडून ती काढेपर्यंत तिचे कुजणे चालूच राहते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देण्याची क्षमता, खर्च होते: अमोनियातील एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात मिलिग्रॅम. मुळातच मऊ पाणी असलेल्या आणि दाटीने मासे भरलेल्या टाकीत त्यामुळे पीएच हळूहळू घसरतो आणि जिवाणूंचे कामही मंदावते. ज्यांचे पाणी मऊ आहे त्यांनी अमोनियाबरोबर कार्बोनेट कठिणताही (चाचणी संचांत या क्षारतेचे माप) तपासावी.

यंत्राविषयी थोडक्यात. आवाज जवळजवळ नाही. मोटार 25 वॉटची आहे, म्हणजे दिवसाला 0.6 युनिट. पाणी फेकणारी छिद्रांची नळी भिंतीकडे वळवावी लागली, कारण गोलमटोल फॅन्सी मासे जोराच्या प्रवाहात पोहताना दमतात. पाणी भरून घेण्यासाठी दिलेला दट्ट्या कुचकामी आहे; नळ्या आधीच भरून घेतलेल्या बऱ्या. झाकणाचा रबरी वायसर दर वेळी पुसून त्याला सिलिकॉन ग्रीस लावले नाही तर तिथून थेंब पाझरतात. वीज काही तास गेली की बंद डब्यातला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात, तेव्हा ती परत आल्यावर डब्यातले साचलेले पाणी थेट टाकीत जाऊ न देता आधी बादलीत काढावे. याच कारणासाठी मी बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपाचा एक छोटा स्पंज फिल्टर टाकीत कायम ठेवला आहे.

200 लिटरच्या टाकीत चार फॅन्सी गोल्डफिश ठेवणाऱ्याने हा फिल्टर निःशंक घ्यावा. त्याच टाकीत सहा ठेवता यावेत म्हणून घेणार असाल तर घेऊ नये. लांब शेपटीचे कॉमेट आणि साधे गोल्डफिश तर 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतात; त्यांच्यासाठी फिल्टर शोधण्याआधी तळे शोधावे.