२५ सेंटांसाठी काय देऊन बसतो: स्वतः लिहिलेलं आरपीजी कुठे विकावं

मी विकायला ठेवलेली पहिली पुस्तिका ३२ पानांची होती. दीपगृहात एकटी राहणारी राखणदार, रोज रात्री पत्त्यांच्या जोडातून एक पान ओढायचं आणि समुद्राने आज काठावर काय आणून टाकलं ते तिच्या रोजनिशीत लिहायचं, असा एकट्याने खेळायचा खेळ. कथेतलं पात्र होऊन खेळायच्या अशा खेळांना आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, म्हणतात. लिहायला आठ महिने गेले, चार जणांकडून खेळून घ्यायला दोन. फाइल तयार झाल्यावरही तीन आठवडे ती माझ्याच संगणकावर पडून होती, कारण कुठे ठेवायची हेच ठरेना. ज्याला विचारावं तो टक्के सांगायचा. ही साइट इतके कापते, ती तितके. टक्के खरेच होते, पण तेवढ्याने माझा प्रश्न सुटत नव्हता. आज पाच पुस्तिका झाल्यावर मी म्हणते, त्या टक्क्यांच्या शेजारी करारातलं एक वाक्य असतं, ते आधी वाचा.

तरी सुरुवात हिशोबापासूनच करते. तो केल्याशिवाय ते वाक्य किती महाग पडतं हे कळत नाही.

५ डॉलरची पीडीएफ धरा. ड्राइव्हथ्रूआरपीजी या आरपीजी विकणाऱ्या साइटवर ‘फक्त इथेच विकेन’ असं कबूल केलं तर लेखकाला ७० टक्के मिळतात, म्हणजे साडेतीन डॉलर. दुसरीकडे विकायची मोकळीक ठेवली तर ६५ टक्के, म्हणजे सव्वातीन. इच डॉट आयओ या स्वतंत्र खेळांच्या बाजारात साइटला किती द्यायचं हे लेखकच ठरवतो. काही बदललं नाही तर १० टक्के जातात, शून्य केलं तरी साइट हरकत घेत नाही. पेमेंटचा खर्च त्याशिवाय, साधारण ३ टक्के अधिक प्रत्येक व्यवहारामागे ३० सेंट. म्हणजे हातात चार डॉलरच्या आसपास उरतात. डीएम्स गिल्डवर, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध आरपीजीसाठीच्या लेखनाच्या बाजारात, लेखकाचा वाटा ५० टक्के, अडीच डॉलर.

यातले पहिले दोन आकडे पुन्हा पाहा. फरक एका प्रतीमागे २५ सेंटांचा. शंभर प्रती खपल्या तर २५ डॉलर, आणि आमच्यासारख्या नवख्यांच्या बाबतीत शंभर प्रती खपायला वर्षही लागू शकतं. एवढ्या रकमेसाठी दुसऱ्या बाजाराचं दार आपल्याच हाताने लावून घ्यायचं का? ज्यांच्या हजारो प्रती जातात आणि ज्यांचा सगळा वाचकवर्ग एकाच ठिकाणी आहे, त्यांच्यासाठी ५ टक्के मोठे असतील. पहिल्या पुस्तिकेच्या लेखकासाठी नाहीत. तिचे वाचक कुठे बसलेत हे तिला अजून माहीतच नसतं.

हिशोबातली आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. ते ३० सेंट किंमत कितीही असली तरी जातातच. इचवर एक डॉलरची पुस्तिका ठेवली तर ३३ सेंट पेमेंटमध्ये गेले, साइटचे १० गेले, उरले ५७. म्हणून मी एक डॉलर ही किंमत कधीच लावत नाही. दोन-चार पानांचं काही असेल तर ते फुकट ठेवते आणि ज्याला द्यावेसे वाटतील त्याच्यासाठी पैसे द्यायची सोय उघडी ठेवते. खरी किंमत लावायची तर तीन डॉलरच्या खाली उतरत नाही.

डीएम्स गिल्डबद्दल थोडक्यात सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणारी विझर्ड्स ऑफ द कोस्ट आणि तेव्हा ड्राइव्हथ्रूआरपीजी चालवणारी वनबुकशेल्फ या कंपन्यांनी जानेवारी २०१६ मध्ये ते सुरू केलं. तिथे त्या खेळाच्या अधिकृत जगात, फरगॉटन रेल्म्समध्ये वगैरे, आपली कथा घडवून ती विकता येते. एरवी अशी परवानगी मिळाली नसती, आणि त्या जगावर लहानपणापासून जीव असलेल्या लेखकाला ती किती मोलाची वाटते हे मी समजू शकते. पण तिथे ठेवलेलं लेखन दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, आणि तुम्ही निर्माण केलेली पात्रं आणि ठिकाणं गिल्डमधले बाकीचे लेखक आपल्या लेखनात वापरू शकतात. माझ्या दीपगृहाच्या राखणदारावर तो करार लागू झाला असता तर मला झोप लागली नसती. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय नीट दिलं की त्या नियमांवर बेतलेलं साहस कुठल्याही बाजारात विकता येतं. त्यामुळे आता गिल्डकडे जायचं एकच सबळ कारण उरतं: त्या जगाची नावं. तुमच्या साहसातला राक्षसांचा किल्ला तुमच्याच कल्पनेतल्या डोंगरावर उभा राहू शकत असेल तर तो तिथेच राहू द्या.

आता ड्राइव्हथ्रूआरपीजी. ही साइट २००४ पासून आहे. तिच्याही आधीचं, २००१ चं आरपीजीनाऊ पुढे तिच्यातच मिसळलं, आणि २०२२ मध्ये ती रोल२० या ऑनलाइन आरपीजी खेळायच्या साइटबरोबर एकत्र आली. एवढ्या वर्षांचा फायदा असा की तिथे येणारा माणूस खरेदीच्या इराद्यानेच आलेला असतो. त्याला नियमपद्धत, प्रकार, पानं, किंमत असं चाळून पाहायची सवय असते. तो विशलिस्टमध्ये टाकून ठेवतो आणि सवलत लागली की परत येतो. विक्रीनुसार पुस्तकांना धातूंचे बिल्ले मिळतात, तांब्यापासून ते थेट काल्पनिक अ‍ॅडमंटाइनपर्यंत. माझ्या तिसऱ्या पुस्तिकेला तांब्याचा बिल्ला लागला तेव्हा मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला. पुढे लोक बिल्ला बघून आत येतात, म्हणजे थोडं विकलं की आणखी थोडं विकलं जातं. प्रकाशकाला प्रसिद्धीसाठी गुण मिळतात आणि ते खर्चून साइटवर जाहिरातीची पट्टी लावता येते. आधीच्या ग्राहकांपैकी ज्यांनी होकार दिला असेल त्यांना ईमेलही धाडता येते. माझ्या अनुभवात ईमेलचा उपयोग पट्टीपेक्षा कितीतरी जास्त झाला.

पण मी तिथे आहे ते मुख्यतः छपाईसाठी. मागणीनुसार छपाई, म्हणजे ग्राहकाने मागितली की एक प्रत छापून त्याच्या घरी रवाना. गठ्ठे घरात साठवायचे नाहीत, पोस्टाच्या रांगेत उभं राहायचं नाही. छपाई लाइटनिंग सोर्स करतं आणि त्यांचे नियम कडक आहेत. फाइल पीडीएफ एक्स-१ए प्रकारची हवी, चित्र पानाच्या कडेबाहेर बरोबर एक अष्टमांश इंच काढलेलं हवं, आणि कुठल्याही एका ठिकाणी छपाईच्या चारही शायांच्या (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) टक्क्यांची बेरीज २४० च्या वर जायला नको. हा शेवटचा नियम मी वाचला होता, पण फाइलीत राहून गेलेल्या एका जुन्या चित्राला तो लावायचा राहिला. दीपगृहामागचं रात्रीचं आकाश मी चारही शाया भरभरून ओतून काळंभोर केलं होतं. पडद्यावर ते देखणं दिसायचं. तपासताना आकडा २९० निघाला, मग सगळं आकाश पुन्हा रंगवलं. त्यात दोन रविवार गेले.

विक्री सुरू करण्याआधी छापील प्रूफ प्रत स्वतः मागवून पाहावी लागते. काहींना ही अट कटकटीची वाटते. मला ती फार आवडते. रोजनिशीसाठी मी सोडलेल्या रेघांमधलं अंतर पडद्यावर पुरेसं वाटत होतं. प्रूफ हातात घेऊन पेनाने लिहून पाहिलं, तर माझं अक्षर त्या रेघांत मावेना. ही चूक कुठल्याही पीडीएफमध्ये मला दिसली नसती. पैशांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: छापील प्रतीच्या किमतीतून आधी छपाईखर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर तुमचे टक्के लागतात. त्यामुळे रंगीत पानं भरपूर असतील तर छापील पुस्तकातून मिळकत अगदी थोडी राहते. मी आतली पानं काळीपांढरी ठेवते.

तिथली जी गोष्ट मला खटकते ती म्हणजे सगळ्या पुस्तकांची पानं सारखीच दिसतात. माझ्या एकाकी, हळू चालणाऱ्या खेळाचं वर्णन त्याच चौकटीत, ज्या चौकटीत शेजारी चारशे पानांचं नियमांचं पुस्तक. अशा वेळी लहान वस्तू उगीचच अपुरी वाटू लागते.

इचवर हे दुखणं नाही. २०१३ साली ती संगणकावरच्या स्वतंत्र खेळांसाठी सुरू झाली, आणि टेबलावरचे खेळ लिहिणारे पुढे तिथे आपणहून जमले. पानाचा रंग, अक्षरं, पार्श्वभूमी सगळं आपलं. माझं पान गडद निळं आहे, वर एकच पिवळी खिडकी. ते पाहून जो थांबतो त्याला खेळ कसा आहे हे अर्धं कळलेलं असतं. एका पुस्तिकेखाली कितीही फाइली लावता येतात: पडद्यावर वाचायची, छापायची, चित्रांशिवायची साधी मजकुराची. ही साधी फाइल स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांसाठी मी आवर्जून ठेवते आणि ती लोक उतरवून घेतात. ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यायची सोय असल्यामुळे काही जण खरंच जास्त देतात. पैसे थेट स्वतःकडे घ्यायचे की साइटकडे जमू द्यायचे असा पर्याय विचारला जातो. मी साइटकडे जमू देते, कारण मग युरोपातल्या ग्राहकांचा व्हॅट भरायची काळजी साइट घेते.

आणि तिथली सामायिक प्रतींची रीत. ज्यांना पुस्तिका परवडत नाही त्यांच्यासाठी लेखक काही प्रती मोफत राखून ठेवतो, आणि बरेच लेखक दर विक्रीमागे त्यात एकेक प्रत वाढवत जातात. साइटवरच्या ‘रिवॉर्ड’ या सोयीतून हे होतं. कारण विचारलं जात नाही, ज्याला हवी तो घेतो. पहिल्या महिन्यात माझ्या ११ प्रती विकल्या गेल्या आणि ९ सामायिक प्रती लोकांनी नेल्या. त्या नऊंपैकी एकाने पुढे मला आपल्या राखणदाराची रोजनिशी पाठवली, हाताने लिहिलेली, चाळीस पानं, पावसात भिजल्यासारखे डाग मुद्दाम पाडलेले. एका पानावर त्याच्या राखणदाराने दिवा विझवला होता. असं कुणी करेल हे नियम लिहिताना माझ्या मनात आलं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत मी त्यासाठी एक पान घातलं.

इचची अडचण अशी की तिथे आपला वाचक आपणच घेऊन यावा लागतो. चाळत चाळत माझ्यापर्यंत पोहोचलेले थोडेच होते, बाकीचे जॅममधून आले. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या विषयावर सगळ्यांनी काहीतरी करायचं ते जॅम. एका पानात अख्खा खेळ बसवण्याचाही असतो. भाग घेणारे एकमेकांचं लेखन मनापासून वाचतात, आणि माझे सुरुवातीचे सगळे नियमित वाचक अशाच दोन जॅममधले. एकत्रित संचांची, म्हणजे अनेकांच्या वस्तू एकाच किमतीत एकत्र विकण्याची, गोष्ट वेगळी आहे. जून २०२० मध्ये वांशिक न्यायासाठी काढलेल्या संचात १७०० हून जास्त वस्तू होत्या आणि त्यातून ८० लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. अशा कामासाठी पुस्तिका द्यावीच, मीही पुढे एका छोट्या संचाला दिली. पण एवढ्या ढिगातून आपली पुस्तिका उघडून खेळणारे विरळा, तेव्हा वाचक मिळतील म्हणून संचात जाऊ नका.

एक सावधगिरीही सांगायला हवी. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली इचने प्रौढांसाठीचं लेखन आणि खेळ शोधातून एकाएकी काढून टाकले. माझ्या पुस्तिका त्या प्रकारात येत नाहीत. पण ज्यांच्या येत होत्या त्यांना आदल्या दिवशी कल्पना नव्हती. हे सगळे बाजार म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं दुकान आहे. म्हणून मूळ फाइली मी स्वतःजवळ तीन ठिकाणी ठेवते, आणि वाचकांच्या ईमेलची यादी, अर्थात त्यांच्या संमतीने, साइटच्या बाहेर जपते. ‘फक्त इथेच’ या वाक्याला मी एवढी बिचकते त्याचं हेही एक कारण.

गमरोड ही फाइली विकायची साइटही वापरून पाहिली. ज्याचा वाचकवर्ग आधीच तयार आहे त्याला दुवा देऊन विकायला ते सोपं आहे, पण १० टक्क्यांवर दर विक्रीमागे ५० सेंट जात असल्याने स्वस्त पुस्तिकांना परवडत नाही. किकस्टार्टर हा मुळात बाजार नव्हे, आधी पैसे उभे करायची जागा आहे. तिथे २०१९ पासून झाईन क्वेस्ट या नावाने छोट्या आरपीजी पुस्तिकांचा उपक्रम चालतो. मोहीम संपल्यावर पुस्तिका कुठे ठेवायची हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

माझी वाटणी सध्या अशी आहे. छोटं, वेगळं, एकट्याने खेळायचं काहीही आधी इचवर येतं, सामायिक प्रतींसह. दोन-तीन महिने लोक खेळतात, चुका कळवतात, मी त्या दुरुस्त करते. मग छापण्याजोगी आवृत्ती ड्राइव्हथ्रूवर, ६५ टक्क्यांनी. ओळखीच्या नियमपद्धतीवर बेतलेलं साहस असेल तर मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी, कारण ते शोधणारे लोक आधीच ड्राइव्हथ्रूवर असतात.

राखणदाराच्या खेळाची तिसरी आवृत्ती ६४ पानांची झाली आहे. रोजनिशीच्या रेघांमध्ये आता ९ मिलिमीटर अंतर आहे, आकाश २२० टक्क्यांत बसवलंय, आणि प्रूफ प्रत वाटेत आहे.