हॉकी स्केट्सची ऑनलाइन जाहिरात आणि गेलेले ६४० डॉलर

६४० कॅनेडियन डॉलर, ऑनलाइन जाहिरात बघून मुलाच्या जुन्या आइस हॉकी सामानासाठी आमचे गेलेले. स्केट्स ३४०, हेल्मेट आणि चेहऱ्यावरची जाळी ७०, शोल्डर पॅड, एल्बो पॅड आणि शिन गार्ड मिळून ११०, पँट आणि ग्लव्हज ८०, कुरिअर ४०. ही फोड आमची नाही, विकणाऱ्यानेच पाठवलेली आहे. वस्तूगणिक हिशेब देणारा माणूस घरगुतीच असणार, लबाड माणूस गोल रक्कम सांगून मोकळा होतो, असा आपला समज असतो. फसवणाऱ्यांना तो समज नेमका ठाऊक आहे. टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडे किंवा कॅनडात आणखी कुठेही, ज्यांची मुलं या सीझनला आइस हॉकी सुरू करताहेत त्या मराठी आईबाबांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावं.

जाहिरातीचा मजकूर तुम्हाला पाठ असेल. मुलाचे पाय वाढले, एकच सीझन वापरले, आम्ही ओंटारियो सोडून कॅलगरीला आलो, कुरिअरने पाठवतो. किंमत मुद्दाम फार खाली नव्हती. नव्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे चांगल्या जुन्या मालाची असते तेवढीच. त्यामुळे ‘स्वस्ताच्या मोहात पडलात’ असं आम्हाला कुणी सुनावू नये. वाढत्या वयातल्या मुलाचे स्केट्स एका सीझनमध्ये लहान होतात. इथे जन्मलेली, पिढ्यान्‌पिढ्या हॉकी खेळणारी कुटुंबंसुद्धा सेकंड-हँड घेतात. पद्धत बरोबर होती. माल दाखवणारा खोटा होता.

आता ते फोटो. जाहिरातीत स्केट्सचे पाच फोटो होते. बुटाची बाजू, मागची टाच, लेसची भोकं, जिभेवरचा साइझ, आणि दोन्ही स्केट्स शेजारी ठेवलेले. सगळे स्वच्छ उजेडात, नीट काढलेले. आणि पाचही फोटोंत पात्यांवर निळे सोकर चढवलेले. सोकर म्हणजे बर्फावरून उतरल्यावर पातं कोरडं राहावं म्हणून घालतात ते जाड कापडी कव्हर. नीटनेटका माणूस ते घालतोच, म्हणून ती काळजीची खूण वाटली. पण जुन्या स्केटमध्ये सगळ्यात आधी संपतं ते पातं. जो विकणारा लेसच्या भोकांचा जवळून फोटो काढतो, त्याला पात्याचा एक फोटो काढायला काय अडचण होती? प्रश्न एवढाच होता आणि तो समोर पाच वेळा मांडून ठेवलेला होता. हे लिहिताना आजही संताप येतो. तुम्ही मात्र सोकर काढून तीन फोटो मागा: पातं बाजूने, पुढच्या टोकापासून टाचेपर्यंत अखंड; पातं धरणारा प्लास्टिकचा होल्डर आणि बूट जिथे जोडलेत तिथले रिव्हेट; आणि आतली इनसोल बाहेर काढून बुटाचा तळ. सोबत त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. टाळाटाळ झाली की बोलणं बंद.

पार्सल आलं. सोकर काढल्यावर टाचेपाशी होल्डरच्या खाली जेमतेम ४ मिलिमीटर स्टील उरलेलं होतं. प्रत्येक शार्पनिंगला पातं थोडं झिजतं, ते चालायचंच. पण इतकं झिजलं की वळताना पाय कलला की होल्डरचं प्लास्टिकच बर्फाला टेकतं, धार सुटते आणि मूल आडवं होतं. वरून पुढचं आणि मागचं टोक घासून गोल केलेलं होतं, म्हणजे पात्याचा मूळ आकारच बदललेला. असा आकार कितीही धार लावून परत येत नाही. पातं बदलता येतं हे खरं. नव्या स्टीलचा भाव दुकानात ८४ डॉलर सांगितला, १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) धरून ९४.९२. पण उजव्या होल्डरला मागच्या रिव्हेटजवळ केसाएवढी चीर होती. पांढऱ्या प्लास्टिकवर ती अंगठ्याने दाबल्याशिवाय दिसत नव्हती. दाबलं की फट उघडायची. इनसोलखाली रिव्हेटभोवती तांबूस गंज पसरलेला. आणि घोट्यापाशी दोन्ही बाजूंनी दाबलं की बूट आतल्या आत मिटत होता. चांगला हॉकी बूट तिथे कडक लागतो, हाताने सहज दबत नाही. घोटा मेलेल्या बुटावर नवं स्टील बसवणं म्हणजे आणखी पैसे पाण्यात. पातं बदलायचंच झालं तर होल्डरवरचा मिलिमीटरचा आकडा आणि पात्यावरचा आकडा एकच हवा, २५४ ला २५४. नाहीतर ते बसतच नाही.

स्केट्सचं एक वेळ सोडून देऊ. हेल्मेटचं सोडता येत नाही.

कॅनडात मायनर हॉकीत, म्हणजे मुलांच्या संघटित हॉकीत, सीएसए या मानक संस्थेचं प्रमाणपत्र असलेलं हेल्मेट आणि तसंच प्रमाणित फेस प्रोटेक्टर लागतं. हेल्मेटवर सीएसएची खूण असते, जाळीवर वेगळी असते, दोन्ही तपासायच्या. आमच्याकडे आलेल्या हेल्मेटच्या मागे चौकोनी चिकट डाग होता, स्टिकर नव्हता. आतला फोम कानाजवळ चिरलेला आणि जाळीचे दोन स्क्रू वेगवेगळ्या मापाचे. मानक न पाळणारं आइस हॉकी हेल्मेट इथे कायद्याने विकताच येत नाही. तरी ते एका लहान मुलाच्या डोक्यासाठी म्हणून पॅक करून पाठवलं गेलं. पैसे लुबाडणं एक, आणि हे माहीत असून पाठवणं दुसरं. सोबत ‘फ्री’ म्हणून टाकलेल्या नेक गार्डवर बीएनक्यू या क्वेबेकच्या मानक संस्थेची खूण नव्हती, आणि हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेच्या मायनर हॉकीत त्या प्रमाणपत्राचा गार्ड सक्तीचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला भर सामन्यात स्केटचं पातं गळ्याला लागून अ‍ॅडम जॉन्सन हा व्यावसायिक खेळाडू गेला. गळ्याचा गार्ड ही फुकटात टाकायची वस्तू नाही. हेल्मेट आणि नेक गार्ड अनोळखी माणसाकडून जुने घेऊच नका. हेल्मेट किती वेळा, कशावर आपटलंय हे कुठल्याच फोटोत कळत नाही.

पैसे ई-ट्रान्सफरने गेले, म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमधून थेट समोरच्याच्या ईमेलवर किंवा फोन नंबरवर. समोरच्याने ऑटोडिपॉझिट चालू ठेवलं असेल तर सुरक्षा प्रश्न येत नाही, पैसे थेट खात्यात पडतात आणि परत बोलावता येत नाहीत. त्यात एकच गोष्ट आपल्या फायद्याची असते: पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं. जाहिरातीतलं नाव वेगळं होतं, स्क्रीनवरचं वेगळं. विचारल्यावर ‘बायकोचं खातं आहे’ असं उत्तर आलं. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच चालतं, मग शंका कशाला घ्यायची? तरी ठाम सांगतो, नाव जुळत नसेल तर थांबा. वस्तू हातात नसताना अनोळखी माणसाला ई-ट्रान्सफर करूच नका, कारण कितीही सभ्य असो.

आणि आता ज्यांचं हे काम आहे त्यांच्याबद्दल. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः केलात, पासवर्ड चोरीला गेलेला नाही, त्यामुळे ही ‘अधिकृत’ देवघेव आहे. म्हणजे खातं फोडून नेले तर चोरी, आणि खोटं बोलून नेले तर आमचीच मर्जी! ज्या खात्यात पैसे गेले त्याचा मालक कोण हे बँकांना माहीत आहे, पण गोपनीयतेमुळे आम्हाला सांगता येत नाही. गोपनीयता चोराची. पोलिसांच्या ऑनलाइन अर्जातून एक क्रमांक मिळाला. पुढे काय विचारलं तर ‘विकणारा दुसऱ्या प्रांतातला आहे’, आणि त्या प्रांतात विचारलं तर ‘तक्रारदार ओंटारियोचा आहे’. वस्तू मिळाली आहे ना, मग हा दर्जाचा वाद, दिवाणी मामला, असंही ऐकवलं गेलं. फोम चिरलेलं हेल्मेट हा दर्जाचा वाद! लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या स्मॉल क्लेम्स कोर्टात जायला शंभराच्या वर डॉलर फी आणि प्रतिवादीचं खरं नाव-पत्ता लागतो, जो फक्त बँकेकडे आहे आणि बँक देत नाही. हे वर्तुळ कुठे फोडायचं ते एकाही कार्यालयाने सांगितलं नाही, प्रत्येकाने पुढच्याचा फोन नंबर दिला. जाहिरात ज्या ठिकाणी होती त्यांना कळवल्यावर त्यांनी ती काढून टाकली, आणि तिच्यासोबत आमचं सगळं संभाषणही नाहीसं झालं. पुरावा त्यांनीच पुसला. मग तेच पाच फोटो, तेच निळे सोकर, दुसऱ्या नावाने दुसऱ्या शहराच्या यादीत झळकले. पुन्हा कळवलं, पुन्हा छापील उत्तर. म्हणून तक्रार करण्याआधी जाहिरात, प्रोफाइल, सगळे मेसेज आणि ट्रान्सफरची पावती यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ घ्या, लेबलपासून सुरुवात करून.

कुणी म्हणेल, मग जुना माल सोडा, ऑनलाइन दुकानातून नवाच घ्या. तिथेही बघून. मोठ्या ब्रँडचे वरच्या श्रेणीचे स्केट्स सत्तर टक्के सवलतीत दाखवणाऱ्या साइट सीझनच्या तोंडावर उगवतात. फोटो खऱ्या दुकानांचे चोरलेले, संपर्काला नुसता फॉर्म. त्यांची नेहमीची युक्ती ट्रॅकिंगची असते: तुमच्याच शहरात, पण भलत्याच पत्त्यावर एखादं फुटकळ पाकीट पाठवायचं, ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ आलं की तोच पुरावा म्हणून पुढे करायचा. अशा वेळी कुरिअर कंपनीकडून पाकिटाचं वजन आणि ते कुठल्या पत्त्यावर दिलं याचं लेखी उत्तर घ्या. दोन स्केट्सचं खोकं काही ग्रॅम भरत नाही. पैसे क्रेडिट कार्डानेच भरा. ओंटारियोत ५० डॉलरच्या वरची ऑनलाइन खरेदी ठरलेल्या तारखेनंतर (तारीख ठरली नसेल तर खरेदीनंतर) ३० दिवसांत पोचली नाही तर करार रद्द करता येतो, आणि विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत तर कार्ड कंपनीकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागता येतो. हे संरक्षण दुकानाकडून घेतलेल्या मालाला आहे, दोन खासगी माणसांमधल्या व्यवहाराला नाही.

खरी गोष्ट ही की स्केट्स पायात घालून बघितल्याशिवाय घ्यायची वस्तूच नाही. हॉकी स्केटचा साइझ नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान असतो. उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. रुंदीही वेगवेगळी येते: बाउअरमध्ये फिट १, २, ३, सीसीएममध्ये टेपर्ड, रेग्युलर, वाइड. आपल्याकडे ‘वाढत्या अंगाचं’ घ्यायची सवय असते. शाळेच्या गणवेशात ते चालतं, स्केटमध्ये नाही. टाच वर उचलली जाते, घोटा आत पडतो, आणि मुलाला वाटतं आपल्याला जमतच नाही. वाढीसाठी फार तर अर्धा नंबर, त्याहून जास्त नाही. लेस ढिल्या करून पाय आत घाला आणि वरून तिसऱ्या जोडीच्या भोकांवर पेन्सिल आडवी ठेवा. ती पायाच्या वरच्या भागाला टेकून अधांतरी राहिली तर बूट उथळ आहे. नवे स्केट्स बिनधारेचे येतात, धार लावल्याशिवाय बर्फावर जायचं नाही. अर्धा इंच हॉलो, म्हणजे धार लावताना पात्याच्या तळाला पाडतात त्या खाचेच्या गोलाईचं माप, सुरुवातीला ठीक. चांगलं दुकान बूट ओव्हनमध्ये गरम करून पायावर बसवूनही देतं. लेस बांधून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, चालायचं नाही, आणि पुढचे चोवीस तास स्केटिंग नाही. ऑनलाइनमध्ये वाचलेले वीस-तीस डॉलर या कामांतच जातात.

ऑनलाइन काय घ्यावं? जे इंचात मोजता येतं ते. शिन गार्डसाठी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून स्केटच्या जिभेच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा, तोच नंबर. ग्लव्हजही इंचात येतात. टेप, लेस, सोकर, गियर बॅग खुशाल मागवा.

स्वस्तात हवं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हॉकी असोसिएशन जुन्या सामानाचे मेळे भरवतात, तिथे मूल सोबत नेऊन घालून बघता येतं. सेकंड-हँड खेळसाहित्याची दुकानंही आहेत, माल हातात घेऊन दाबून बघा. ६ ते १० वर्षांचं मूल पहिल्यांदाच खेळणार असेल तर ‘फर्स्ट शिफ्ट’ कार्यक्रमात फीमध्येच डोक्यापासून पायापर्यंतचं नवं सामान मिळतं. ‘किडस्पोर्ट’ आणि ‘जंपस्टार्ट’कडे फीसाठी मदतीचा अर्ज करता येतो, त्यात कमीपणा काही नाही.

पैसे गेलेच असतील तर आधी विकणाऱ्याशी वाद घालत बसू नका, तो फक्त वेळ काढतो. पहिला फोन बँकेच्या फसवणूक विभागाला. भारतात असाल, इनलाइन स्केट्स किंवा कशासाठीही यूपीआयने पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. इथे ई-ट्रान्सफर सुरक्षा प्रश्नासह पाठवला असेल आणि समोरच्याने अजून उचलला नसेल, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडून रद्द करा. एकदा जमा झाला की ती सोय संपते.