झुंबर, आरसा की मखमली सोफा: हॉलसाठी एकच निवडायचं तर

हॉलला थाट आणायचा ठरलं की मन याच तिघांकडे धावतं. तिन्ही घ्यायला हरकत नसते, पण एकाच खोलीत तिन्ही आल्या की नजर कुठेच ठरत नाही. म्हणून एकच निवडावी, आणि ती निवडताना आपल्या खोलीत काय कमी आहे ते आधी पाहावं: रात्रीची रोषणाई, दिवसाचा उजेड की रंग.

झुंबराचा निर्णय छताची उंचीच करते. माणसं वावरतात तिथे झुंबराचं खालचं टोक जमिनीपासून किमान 7 फूट वर हवं. छत 9 फुटांवर असेल तर झुंबराला साखळीसकट जेमतेम दोन फूट मिळतात, आणि तेवढ्यात झुंबराचा रुबाब येत नाही. जेवणाच्या टेबलावर मात्र ही अडचण नाही, कारण खालून कोणी जातच नाही. टेबलापासून 30 ते 36 इंचांवर टांगलं की झालं. आकारासाठी एक जुना ठोकताळा आहे: खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजून बेरीज करा, साधारण तेवढे इंच व्यास. 12 बाय 14 च्या खोलीला 26 इंच. वजन फॉल्स सीलिंगवर टाकू नका, हूक वरच्या स्लॅबमध्येच हवा.

बल्बकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. पारदर्शक काचेच्या, बारीक तार दिसणाऱ्या बल्बने लोलकांमधून भिंतीवर उजेडाचे ठिपके उमटतात. तिथेच दुधी बल्ब लावला की उजेड पसरट होतो आणि तेच लोलक निर्जीव दिसतात. रंग 2700 केल्विनच्या आसपास, म्हणजे उबदार पिवळसर. आणि लोलक नियमित पुसायची तयारी हवी. धूळ बसली की चमक गेलीच.

आरशाला दिवसाही काम असतं. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात 357 आरसे आहेत, पण तो झळाळतो तो ते 17 खिडक्यांच्या बरोबर समोर आहेत म्हणून. घरातही नियम तोच: आरसा समोरचं सगळं दुप्पट करतो. समोर खिडकी असेल तर खोली उजळते, चपलांचं कपाट असेल तर दोन कपाटं दिसतात. म्हणून खरेदीआधी आरसा जिथे लावायचा तिथे पाठ टेकून उभं राहा आणि समोर काय दिसतं ते बघा. वजनही हलकं घेऊ नका. 6 बाय 4 फुटांचा, 5 मिलिमीटर जाडीचा आरसा चौकटीशिवायच सुमारे 28 किलो भरतो. भिंतीला ओल असेल तर कडेने काळे डाग धरतात, तिथे मोठा आरसा नकोच.

मखमली सोफा तिघांत सर्वांत धाडसी. गर्द हिरव्या मखमलीवरून हात एका दिशेने फिरवला की ती काळपट दिसते, उलट फिरवला की उजळते. या जिवंतपणाला दुसऱ्या कापडात तोड नाही. पण सुती मखमलीची लव बसून बसून दबते, पॉलिस्टरची त्या मानाने टिकते. थेट उन्हात रंग उडतो. मंद दिव्याखाली गर्द रंग सरळ काळा दिसतो, म्हणून कापडाचा तुकडा घरी आणून संध्याकाळी बघावाच. शिवाय सोफा रोजच्या वापरातला. रंगाचा कंटाळा आला तर झुंबरासारखं नुसतं वर न बघता राहता येत नाही.

माझं मत विचाराल तर छत साधारण उंचीचं आणि खिडकी चांगली असेल तर बिनदिक्कत आरसा. छत 10 फुटांपेक्षा उंच आणि पाहुणे बहुधा रात्री येणारे असतील तर झुंबर. उजेड भरपूर आहे, भिंती पांढऱ्या आहेत आणि तरी खोली फिकी वाटते, तिथे सोफाच घ्या. त्याआधी दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापं घ्या, आणि सोफ्याच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवून दोन-चार दिवस त्यांच्या कडेने वावरून बघा.