पुण्याहून कोकणात सायकलने: आयोजकांसोबत की आपलं आपण?

ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुण्याच्या सायकलवाल्यांची ही लाडकी वाट. आयोजकांसोबत गेलात तर सामान मागच्या गाडीत, मुक्काम ठरलेला, दम लागला तर सायकलही गाडीत टाकता येते. पैसे जास्त जातात, पण घरचे निर्धास्त राहतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने खुशाल असंच जावं.

आपलं आपण जायचं तर कॅरियरवरच्या पिशव्यांचं वजन प्रत्येक चढाला जाणवतं. दोन जादा ट्यूब, पॅच, पंप आणि चेन जोडायचं सामान हवंच; गिअरच्या सायकलचे सुटे भाग गावात मिळतीलच असं नाही. मागचं चाक काढायला घरीच शिका: आधी चेन सर्वात लहान चक्रावर आणायची, मग चाक सहज निघतं. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते.

तरी मला हाच प्रकार आवडतो. बागमांडल्याला फेरीबोटीत सायकल चढवून वेश्वीला उतरलं, की केळशीला थांबायचं की आंजर्ले गाठायचं, हे पायांना विचारून ठरवता येतं. गटात ते वेळापत्रक ठरवतं. पावसाळ्यात मात्र ताम्हिणीत धुकं असतं, दरडी कोसळतात. तेव्हा एकट्याने निघायचा हट्ट नको.