जुन्या बिडाच्या शेगडीला बाहेरची हवा : एका हिवाळ्याच्या वापरानंतर

आमच्या अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातल्या घरात ‘व्हर्मांट कास्टिंग्ज’ या कंपनीची जुनी ‘व्हिजिलंट’ ही लाकडावर चालणारी बिडाची शेगडी आहे. १९७३च्या तेलटंचाईनंतर न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, अशा शेगड्यांना पुन्हा मागणी आली, त्या काळातली ही घडण. तेव्हाच्या घरांना फटी इतक्या असत, की शेगडीने ओढलेल्या हवेची भरपाई आपोआप होई. आम्ही माळा, तळघराच्या कडा आणि खिडक्या नीट बंदिस्त करून घेतल्यावर मात्र शेगडीचे दार उघडताच धूर खोलीत येऊ लागला, आणि खिडकी बोटभर उघडली की तो थांबू लागला. धुरांडे स्वच्छ असून असे घडत असेल, तर घरात हवा कमी पडते आहे असे समजण्यास हरकत नाही.

एक किलो कोरडे लाकूड जाळण्यास सुमारे सहा किलो हवा लागते. प्रत्यक्षात शेगडी त्याच्या दुपटीच्या आसपास ओढते. ताशी दोन किलो लाकूड जळत असेल, तर तासाला सुमारे वीस घनमीटर हवा कोठून तरी यावीच लागते.

आजच्या अनेक शेगड्यांना बाहेरच्या हवेची नळी जोडण्याची सोय असते, या शेगडीला नाही. तिची मुख्य हवा मागच्या, उष्णतेनुसार आपोआप उघडमीट करणाऱ्या झडपेतून येते, तर दुय्यम हवेचे, म्हणजे धुरातले वायू जाळायला लागणाऱ्या जादा हवेचे, छिद्र वेगळ्या जागी आहे. त्यामुळे मागच्या झडपेवर पत्र्याची पेटी बसवून नळी घट्ट जोडली, तरी जुन्या सांध्यांतून आणि त्या छिद्रातून खोलीतली हवा आत जातच राहते. शिवाय झडपेच्या हालचालीला अडथळा होण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही चार इंची धातूची नळी भिंतीतून आणून तिचे तोंड झडपेजवळ, पण थोडे अंतर सोडून ठेवले. नळीला बाहेर जाळी आहे, आत बंद करण्याची झडप आहे आणि घरातल्या भागावर उष्णतारोधक वेष्टन आहे, कारण थंड नळीवर दव साचून भिंत ओली होते.

फरक पहिल्याच थंडीत जाणवला. शेगडी पेटवताना खिडकी उघडावी लागत नाही, लाकूड घालताना धूर येत नाही, आणि दाराखालून पायांना झोंबणारा वारा बराच कमी झाला. लाकडाची बचत मात्र नजरेत भरण्याजोगी झालेली नाही, आणि केवळ त्या आशेने हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरची गार हवा शेवटी तापवावीच लागते, मग ती फटीतून येवो की नळीतून. ओल्या लाकडावरही हा उपाय नाही. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत नसेल, तर धुरांड्यात काजळी आणि डांबर धरणारच.

सर्वांत अधिक विचार वाऱ्याचा करावा लागतो. घराच्या आडोशाच्या बाजूला वाऱ्यामुळे उणा दाब तयार होतो, म्हणजे तिथली हवा घरातली हवा बाहेर ओढू पाहते. नळीचे तोंड तिकडे असेल आणि ती शेगडीला घट्ट जोडलेली असेल, तर प्रवाह उलटून गरम वायू नळीतून बाहेर जाऊ शकतात, आणि ती लाकडी भिंतीतून जात असेल तर आगीचा धोका संभवतो. नळीचे बाहेरचे तोंड शेगडीपेक्षा वर असणेही याच कारणाने वाईट, कारण तेव्हा नळीच धुरांड्यासारखी वागू लागते. आमच्या नळीचे तोंड शेगडीच्या पातळीखाली आणि बर्फाच्या थराच्या वर राहील अशी जागा शोधण्यातच कारागिराचा सर्वाधिक वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला.

एक गोष्ट या नळीने सुटत नाही. स्वयंपाकघरातला मोठा पंखा मिनिटाला ३०० ते ४०० घनफूट हवा बाहेर फेकतो, आणि चार इंची नळी तेवढी भरपाई करू शकत नाही. शेगडीत निखारे असताना तो पंखा पूर्ण वेगाने लावायचा असेल, तर आम्ही अजूनही स्वयंपाकघराची खिडकी उघडतो. शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रे पूर्वीप्रमाणेच चालू आहेत, आणि बाहेरच्या जाळीवर साचलेले हिम प्रत्येक वादळानंतर झाडून काढावे लागते.