शिकवणीसाठी टॅब टीव्हीला जोडला: जून ते मार्चचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. टॅबवर पेनने लिहून शिकवायचं असेल तर वायर लावा. यूट्यूब, फोटो, कीर्तन बघायचं असेल तर वायरीच्या भानगडीत पडू नका. ही दोन कामं वेगळी आहेत, पण दुकानात दोन्हींसाठी एकच उत्तर मिळतं: ‘मॅडम, स्मार्ट टीव्ही आहे ना, मग सगळं होतं.’

मी अंबाजोगाईत घरीच आठवी ते दहावीची गणित-विज्ञानाची शिकवणी घेते. पुढच्या खोलीत भिंतीवर ४३ इंची टीव्ही, समोर सतरंजीवर लेकरं. खडूच्या धुळीने घसा बसायचा, म्हणून जूनपासून टॅबवर लिहायला लागले. शाळांत असतात तसल्या टच पॅनेलचा भाव लाखाच्या घरात ऐकला आणि तो विषय तिथंच मिटला. दहावीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत रोज दोन बॅचना हेच वापरलं, त्यामुळे कुरबुरी सगळ्या कळल्या.

सुरुवात बिनवायरने केली, कारण त्याला खर्च नव्हता. सॅमसंगच्या टॅबमध्ये याला ‘स्मार्ट व्ह्यू’ म्हणतात, दुसऱ्या कंपन्यांत ‘वायरलेस डिस्प्ले’ किंवा ‘स्क्रीन मिररिंग’. मागचं तंत्र बहुतेक ठिकाणी मिराकास्ट, २०१२ पासूनचं. याची जमेची बाजू म्हणजे टॅब आणि टीव्ही एकमेकांशी थेट वाय-फायने बोलतात. राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. आमच्याकडं लाईट गेली की कधी कधी फायबरचाही पत्ता नसतो, तेव्हा इन्व्हर्टरवर टीव्ही लावून बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ दाखवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. ती पीडीएफ बालभारतीच्या साईटवरून एकदा उतरवून ठेवली की झालं.

पण लिहायला लागलं की खरा त्रास सुरू होतो. मिररिंगमध्ये टॅब आपल्याच पडद्याचं सतत चित्रीकरण करतो, ते दाबून लहान करतो आणि हवेतून पाठवतो. टीव्ही ते उलगडून दाखवतो. या सगळ्याला वेळ लागतो. आकडा लहान असेल, पण डोळ्याला कळतो. पहिल्याच आठवड्यात एक जण म्हणाला, ‘मॅडम, तुमचा हात पुढं चाललाय अन् अक्षर मागून यायलंय.’ मी टॅबकडं बघून लिहिते, मला फरक पडत नाही. लेकरं मात्र टीव्हीवर बघत वहीत उतरवतात. ‘ही बाजू पाहा’ म्हणून मी पेन ठेवते तेव्हा त्यांच्यासमोर ती बाजू अजून आलेलीच नसते. भूमितीत याचा फार जाच होतो. शिवाय दाबलेलं चित्र म्हणून बारीक गोष्टी पुसट होतात. रासायनिक सूत्रातला खालचा छोटा दोन मागच्या ओळीतल्यांना तीन वाटायचा. संध्याकाळी गल्लीतले सगळे राउटर चालू झाले की चित्र मध्येच थिजायचं. उकाड्यात टॅब तापून पडदा मंद व्हायचा तो वेगळाच, कारण चित्रीकरण करून पाठवायचं काम तो एक क्षण थांबवत नाही.

कास्ट करणं म्हणजे मिररिंग नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी संपतात. यूट्यूबच्या वर कोपऱ्यात जे कास्टचं चिन्ह असतं ते दाबल्यावर टॅब फक्त सांगतो की कुठला व्हिडिओ लावायचा. पुढं टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून तो ओढतो. टॅब मोकळा, बॅटरी शाबूत, चित्र स्वच्छ. सासूबाई संध्याकाळी कीर्तन लावतात ते असंच. अट एकच, दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर हवीत. फायबर गेलं तर मी मोबाईलच्या हॉटस्पॉटला राउटरचंच नाव आणि तोच पासवर्ड देऊन ठेवलाय. टीव्ही आपणहून जोडला जातो, रिमोटने अक्षर अक्षर पासवर्ड टाकत बसावं लागत नाही. याची दुसरी बाजूही सांगते: घरातल्या वाय-फायवर असलेला कुणीही टीव्हीवर काही लावू शकतो. एका दुपारी स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय दाखवायला मी व्हिडिओ कास्ट केला होता आणि आतल्या खोलीतून चिरंजीवांनी क्रिकेटची मॅच लावली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

टीव्ही स्मार्ट नसेल तर मागे खोचायची डोंगल मिळतात. गूगलचं क्रोमकास्ट २०१३ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. जुनं कुणी स्वस्तात देत असेल तर हेही माहीत असू द्या: २०१५ च्या दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट मार्च २०२५ मध्ये जगभर एकाच वेळी अडली, कारण त्यांच्या आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांनी दुरुस्ती आली. पण दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर असं काही झालं तर काय, हा विचार करून मी त्या वाटेला गेले नाही.

आता वायर. लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून टाईप-सी टू एचडीएमआय अडॅप्टर आणला, म्हणजे टॅबच्या चार्जिंगच्या भोकातून टीव्हीच्या एचडीएमआय भोकात चित्र नेणारा जोड, दीड हजाराच्या आत. त्याला तीन तोंडं आहेत: एचडीएमआय, साधं यूएसबी आणि चार्जिंगचं टाईप-सी. ते तिसरं तोंड असलेलाच घ्या. नाहीतर टॅबचं एकुलतं एक भोक वायरीने अडतं आणि दुसऱ्या बॅचपर्यंत बॅटरी तळाला जाते.

अडॅप्टर घेण्याआधी टॅब तपासा. भोक टाईप-सी आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही. त्यासाठी आत डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड नावाची सोय लागते आणि स्वस्त टॅबमध्ये ती नसते. माहितीपत्रकात नुसतं यूएसबी २.० लिहिलेलं असेल तर या साध्या अडॅप्टरने चित्र येणार नाही, आशा सोडा. सॅमसंगमध्ये टॅब एस८, एस९ यांना ती आहे. ए मालिकेतल्या टॅबना नाही आणि नावात एस असूनही एस६ लाईटलाही नाही. आयपॅडमध्ये प्रोला २०१८ पासून, एअरला २०२० पासून आणि साध्या आयपॅडला २०२२ पासून टाईप-सी आलं, त्या सगळ्यांतून चित्र निघतं. त्याआधीच्या लाइटनिंगवाल्यांना (ॲपलचं जुनं भोक) वेगळा अडॅप्टर लागतो. दुकानात आपला टॅब घेऊन जा आणि तिथल्या टीव्हीला लावूनच पैसे द्या.

वायर लावल्यावर अक्षर हाताबरोबर यायला लागलं. उरलेला थोडा उशीर टॅबचा नव्हता, टीव्हीचा होता. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते क्षणभर धरून ठेवतो. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केला आणि तोही गेला. ही युक्ती अडॅप्टरइतकीच मोलाची आहे आणि फुकट आहे. सुरुवातीला पडद्याच्या कडा कापल्या जायच्या, प्रश्न क्रमांकच दिसेना; पिक्चर साईझमध्ये ‘फिट टू स्क्रीन’ केलं. माझा टॅब १६:१० आकाराचा आणि टीव्ही १६:९, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. आयपॅडला त्या आणखी रुंद दिसतात. त्याने शिकवण्यात काही अडत नाही.

वायरीचा तोटा म्हणजे वायरच. भिंतीपासून माझ्या टेबलापर्यंत पाच मीटरची एचडीएमआय टाकली, भिंतीच्या कडेने क्लिपा ठोकल्या, तरी पाणी प्यायला उठलेलं एखादं लेकरू अडखळतंच. ओढ थेट टॅबच्या भोकावर येऊ नये म्हणून वायर टेबलाच्या पायाला एक वेढा देऊन बांधलीय. हे केलं नाही तर वर्षात भोक सैल होईल. अडॅप्टर चांगलाच तापतो, पण अजून बंद पडलेला नाही.

ज्यांच्या टॅबमधून चित्र निघत नाही पण घरात लॅपटॉप आहे, त्यांनी टॅबचा पडदा लॅपटॉपवर दाखवणारं scrcpy नावाचं सॉफ्टवेअर वापरून बघावं. फुकट आहे, २०१८ पासून आहे. टॅब साध्या यूएसबी वायरीने लॅपटॉपला, लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला. टॅबमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग चालू करावं लागतं. बनवणारे ३५ ते ७० मिलिसेकंदांचा उशीर सांगतात. माझ्या पुतण्याच्या जुन्या टॅबवर लिहून पाहिलं, मिराकास्टपेक्षा कितीतरी बरं. फक्त रोज तीन यंत्रं मांडायचा कंटाळा येतो.

पैसे भरून बघायच्या ॲपचं थोडक्यात सांगते. मिररिंग केलं तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. यंत्र बिघडलेलं नसतं, कॉपी होऊ नये म्हणून ॲपच चित्र अडवतं. टीव्हीतलंच ॲप उघडा.

कुठलाही मार्ग घेतलात तरी वर्गाआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. टॅबवर येणारा प्रत्येक मेसेज टीव्हीवर फूटभर अक्षरांत दिसतो. आमच्याकडं ‘येताना शेपू आणू का मेथी’ यावर नववीच्या वर्गाने मतदान घेतलेलं आहे, मेथी जिंकली. पडदा बंद व्हायची वेळही वाढवून ठेवा, नाहीतर गणित समजावता समजावता टॅब झोपतो आणि टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, आमच्याकडं टीव्ही नाही, जुना प्रोजेक्टर आहे, त्याला निळं व्हीजीएचं तोंड आहे, चालेल का? चालतं. त्याच अडॅप्टरच्या पुढं एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावायचा. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यामुळे ऑडिओची पिन असलेला कन्व्हर्टर घ्यायचा आणि स्पीकर वेगळा जोडायचा. तिचा टॅब मात्र यूएसबी २.० निघाला, म्हणून सध्या तिनं शाळेचा लॅपटॉप मध्ये घेतलाय.