ब्राइट की डार्क? अतिशीत अणूंमधला सॉलिटॉन निवडताना

पीएचडीसाठी अतिशीत (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेल्या) अणूंमधले सॉलिटॉन, म्हणजे आकार न बदलता टिकणाऱ्या लाटा, घ्यायचे एवढं ठरलं, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: ब्राइट की डार्क? दोन्हींचं ग्रॉस-पिटायेव्स्की समीकरण (अशा अणूंच्या ढगाचं वर्णन करणारं) एकच, फरक फक्त एका चिन्हाचा. अणू एकमेकांना ओढत असतील तर त्यांचा गठ्ठा न पसरता पुढे सरकतो, तो ब्राइट. ढकलत असतील तर सलग ढगात एक खाच टिकून राहते, ती डार्क. माझं मत आधीच सांगतो: हाताने करायचा पहिलाच प्रयोग असेल तर डार्क, आणि अस्थिरतेचंच वेड असेल तर ब्राइट.

डार्कची सुरुवात सोपी. रुबिडियम-८७ चे अणू मुळातच एकमेकांना ढकलतात आणि त्याला लागणारे ७८० नॅनोमीटरचे डायोड लेसर सहज मिळतात. पुण्याच्या आयसरमध्ये आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रुबिडियमच्या कंडेन्सेटवर (सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत आलेल्या ढगावर) काम झालेलं आहे, म्हणजे अडलं तर विचारायला जवळच माणसं आहेत. युक्तीही सुटसुटीत: अर्ध्या ढगावर काही मायक्रोसेकंद लेसर टाकायचा, दोन्ही अर्ध्यांच्या फेजमध्ये π चा, म्हणजे अर्ध्या तरंगाएवढा, फरक पडतो आणि सीमेवर खाच तयार होते. हॅनोव्हरच्या गटाने १९९९ मध्ये हे रुबिडियममध्ये दाखवलं.

खाच टिकवणं मात्र अवघड. ढग आडवा जाड असेल तर ती नागमोडी वळते आणि फुटून भोवऱ्यांची कडी होते. या स्नेक इन्स्टॅबिलिटीपासून वाचायचं तर ट्रॅप (अणू धरून ठेवणारा सापळा) आडव्या दिशांनी चांगला आवळावा लागतो. शिवाय खाच असते मायक्रोमीटरहून अरुंद, म्हणून सहसा ट्रॅप बंद करून, ढग फुगू देऊन मगच फोटो काढतात. दर फोटोला नवा ढग! बक्षीस म्हणजे, लांबट ट्रॅपमध्ये खाच ट्रॅपच्या वारंवारतेला वर्गमूळ दोनने भागून येईल त्या वारंवारतेने झुलते. नवशिक्याला तपासायला इतका स्वच्छ आकडा क्वचितच मिळतो.

ब्राइटमध्ये गणित उलटं. डार्कला अस्थिरता मारते, इथे तीच सॉलिटॉनला जन्म देते. लिथियम-७ चा लांबट ढग ढकलणाऱ्या अवस्थेत तयार करायचा आणि चुंबकीय क्षेत्र झटकन बदलून स्कॅटरिंग लेंग्थ (अणूंमधल्या ओढ-ढकलीचं माप: धन म्हणजे ढकल, ऋण म्हणजे ओढ) ऋण करायची. ढगातले बारीक चढउतार वाढू लागतात, त्यातली एक तरंगलांबी बाकीच्यांच्या पुढे जाते आणि ढगाची मण्यांसारखी माळ होते. हीच मॉड्युलेशनल इन्स्टॅबिलिटी. आकर्षण चौपट केलं तर ती तरंगलांबी निम्मी होते, म्हणजे मण्यांची संख्या साधारण दुप्पट. २००२ मध्ये राइस विद्यापीठात अशी माळ दिसली, त्याच वर्षी पॅरिसमध्ये एकटा सॉलिटॉन. माळेतले शेजारी एकमेकांना दूर ठेवतात असं दिसत होतं. ते जन्मतःच तसे असतात की नंतर तसे होतात, हा प्रश्न राइसच्याच गटाने २०१७ मध्ये त्याच ढगाचे लागोपाठ फोटो काढून हाती घेतला. मला या क्षेत्रातला हा सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो.

किंमतही तशीच. लिथियमची भट्टी चांगलीच तापवावी लागते, अणूंचा वेग झीमन स्लोअरने (लेसर आणि चुंबकीय क्षेत्राने अणू मंद करणाऱ्या नळीने) आवरावा लागतो, आणि नेहमीचं सब-डॉपलर कूलिंग (लेसरने आणखी थंड करण्याची पद्धत) त्याच्यावर नीट चालत नाही. त्यात अणू जास्त झाले की मणी स्वतःतच कोसळतो: राइसमधल्यासारख्या ट्रॅपमध्ये स्कॅटरिंग लेंग्थ उणे तीन बोहर त्रिज्या (हायड्रोजन अणूच्या त्रिज्येएवढं लांबीचं एकक) असेल तर मर्यादा पाच-सहा हजार अणूंची. एक सोय मात्र मोठी आहे. लिथियम-७ मध्ये स्कॅटरिंग लेंग्थ शून्याजवळ असताना चुंबकीय क्षेत्र एक गाउसने बदललं तर ती बोहर त्रिज्येच्या सुमारे दहाव्या भागाने बदलते. रुबिडियम-८५ मध्ये तोच बदल कितीतरी पटींनी मोठा, म्हणून तिथे चुंबकीय क्षेत्र देणारा करंट सप्लाय जरा हलला तरी दिवस वाया जातो.

फक्त सिम्युलेशन करणार असाल तर एक सावधगिरी. एका मितीतला कोड लॅपटॉपवर मजेत चालतो आणि माळही दाखवतो, पण त्यात ना खाच नागमोडी होते, ना मणी कोसळतो. पहिल्यासाठी निदान दोन मिती हव्यात. दुसऱ्यासाठी तीन, आणि वर तीन अणूंच्या टकरीत होणाऱ्या गळतीचं समीकरणातलं पद.

लॅब बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचाराच: चुंबकीय क्षेत्र किती मिलिगाउसपर्यंत स्थिर राहतं, आणि एकाच ढगाचे अनेक फोटो काढायची सोय आहे का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ब्राइटचा हट्ट सोडा.